अर्धा प्याला चहा

महिला दिनाचं निमित्त करून तोक्तोसुनचे चार दोस्त दुपारी जेवायला आले आणि घरात ठाणच मांडून बसले. पाहुण्याला चहा द्यायचा तो अर्धा प्याला, हा नारीन भागातला रिवाज. काठोकाठ भरला की पाहुण्याने समजायचं, आता उठा. त्यामुळे तोक्तोसुनची सून बुरुलाय एकसारखी उठून अर्धे अर्धे प्याले भरत होती. तिकडे शाळेत बायकांचा कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली होती.

"बायकांना मोकळीक मिळालीच पाहिजे!" तोक्तोसुनने सहाव्यांदा भाषण ठोकलं. "सूनबाई, चहा आण गं!"

बुरुलाय सासूच्या कानाशी पुटपुटली, "आई, आता भरूनच टाकू का काठोकाठ?"

"खबरदार!" सासू झिबेक कडाडली. "चांगल्या घरची सून असलं काही करत नाही. आण ती किटली इकडे."

किटली घेऊन झिबेक स्वतः बैठकीत गेली आणि हसतमुखाने चारही पाहुण्यांचे प्याले काठोकाठ भरून परत निघाली.

दारापर्यंत आली, थबकली, परत फिरली.

पाचवा प्याला नवऱ्याचा होता. तो तिने सांडेपर्यंत भरला.