हमालांची पुरवणी

ऑफिसातल्या साहेबांना मोहिमांच्या खेळाची भारी हौस, म्हणून आम्हा स्टाफची रविवारची सुट्टी त्यांच्या हॉलमध्ये. आम्ही फासे टाकून एकेक पात्र खेळायचं. राजा, राक्षस आणि दैव मात्र साहेबच. आज नव्या मोहिमेत नियमांची कुठली पुरवणी-पुस्तकं चालतील ते ठरत होतं. जादूचं चाललं, शस्त्रांचं चाललं. मग अकाउंटवाल्या ताईंनी हमालांचं पुढे केलं.

“साहेब, यात हमाल मालकाला ‘नाही’ म्हणू शकतो.”

“माझ्या खेळात असली थेरं चालायची नाहीत. फासे उचला.”

ताईंनी पर्स उचलली. आम्ही सगळे चपला शोधू लागलो.

“अहो, ते पुस्तक मी मंजूर केलेलं नाही!”

“राहू द्या, साहेब,” ताई दारातून म्हणाल्या, “आमचं पाठ झालंय.”