तिसरा सिलिंडर

लोटनला जुनी गाडी विकायची होती. अंगणात त्याने गाडीला बिघाड शोधणारा स्कॅनर जोडला. मोबाइलवरचा कोड बायकोने, सरलाबाईने, वाचला: इंजिनचा तिसरा सिलिंडर मिसिंग करत होता, म्हणजे मधूनच पेट घेत नव्हता. दुरुस्तीऐवजी लोटनने कोडच पुसला, तसा डॅशबोर्डवरचा बिघाड दाखवणारा पिवळा दिवा विझला. तासाभरात मोलगीहून वळवी गुरुजी गाडी घ्यायला आले. "बायकोला आठवा महिना आहे," ते म्हणाले. "डोंगरात वेळेवर जीप मिळत नाही." लोटनने किल्ली पुढे केली. चहा घेऊन आलेली सरलाबाई म्हणाली, "गुरुजी, आज गाडी लई जाऊ नका. इंजिनमा खोट शे. घाटमा बंद पडी जाई." गुरुजींनी लोटनकडे पाहिलं. लोटन खाली बघत म्हणाला, "आठ दिन द्या. नीट करीसन मीच लई येसु." त्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल बदलल्यावर त्याने सरलाबाईला शेजारी बसवलं आणि घाट चढून गाडी गुरुजींच्या दारात उभी केली.