गाडी फिरवायची जागा

वरून आलेल्या टॅक्सीवाल्यानं आपली गाडी डोंगराच्या अंगाला अगदी चिकटवली, तेव्हा कुठे यादोरावांची बोलेरो दरीच्या बाजूनं हळूहळू पुढे सरकली. दोन्ही गाड्यांच्या खिडक्या समोरासमोर आल्या. त्या पहाडी माणसाची नजर मागच्या सीटवर गेली आणि तिथेच थांबली.

“इनको नीचे ले जाओ. अभी,” तो म्हणाला. “ऊँचाई की वजह से फेफड़ों में पानी भर रहा है. ऊपर गए तो बचेंगी नहीं. अगले मोड़ पर चौड़ी जगह है, वहीं से घुमा लेना. उसके बाद मंदिर तक जगह नहीं मिलेगी.”

मागच्या सीटवर चंद्रभागाबाई उशीला टेकून होत्या. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते आणि छातीतली घरघर इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होती. निकेशनं पुढच्या सीटवरून मागे वळून आईचा हात धरून ठेवला होता.

“बाबा, फिरवा गाडी. देवी काही पळून नाही चालली.”

“फिरवतो,” यादोराव म्हणाले.

त्यांनी लाखनी ते साकोली सत्तावीस वर्षं काळी-पिवळी हाकली होती. दारात लोंबकळणारी माणसं, टपावर कोंबड्यांची टोपली आणि एका हातात शेंगदाणे, अशी. तिकडे चढण म्हणजे फार तर तलावाची पाळ. इथे डाव्या चाकाच्या पलीकडे जमीनच नव्हती. चार दिवसांचा प्रवास करून आल्यावर कालपासून त्यांच्या तळहाताचा घाम काही थांबत नव्हता. तरी निकेशच्या हाती स्टिअरिंग द्यायला ते तयार नव्हते. तो आजारातून उठल्यापासून त्यांनी त्याला गाडीला हात लावू दिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी निकेश नागपूरला एकोणीस दिवस मशीनवर होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा चंद्रभागाबाई या देवीला बोलल्या होत्या, की पोराला उठव, त्याला घेऊन तुझ्या दारी येते. पोरगा उठला. पण त्यांच्या माहेरी अशा नवसाची एक अट असते. नवसाला निघालेली गाडी अर्ध्या वाटेतून माघारी फिरली, तर देवी दिलेलं परत घेते. ही अट निकेशला कुणी सांगितलेली नव्हती. यादोरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. लाखनीत असताना तर मुळीच नव्हता.

वळण आलं. दरीच्या बाजूला एका गाडीपुरती जागा पुढे निघालेली होती. यादोरावांनी गाडीचं नाक डोंगराकडे घातलं. आता मागे घ्यायची होती. निकेश उतरला, मागे गेला आणि काठाशी उभा राहून हात हलवू लागला.

“येऊ द्या... येऊ द्या...”

गाडीत नवरा-बायको दोघंच राहिले.

“फिरवू नोका,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. एका शब्दाला एक श्वास लागत होता. “माहं झालं सारं. पोराले पाहा.”

“बोलू नोको तू. उगी राय.”

यादोरावांनी क्लच सोडला. गाडी हातभर मागे सरकली. मागच्या काचेत निकेश दिसत होता, दरीकडे पाठ करून, नजर चाकावर. तोही एक पाऊल मागे सरला आणि त्याच्या टाचेखालचा दगड निसटला. निकेशचा तोल गेला, तो गुडघ्यावर बसला, दोन्ही हात मातीत रोवले. दगड गेला. तो खाली आपटल्याचा आवाजच आला नाही.

निकेश ओशाळं हसत उठला, हात झटकले. “काही नाही झालं! येऊ द्या!”

यादोरावांनी ब्रेक दाबून धरला होता. निकेशला बाजूला करून अंदाजानं गाडी फिरवता आली असती. एवढी साधी गोष्ट सत्तावीस वर्षांच्या ड्रायव्हरला सुचायला हवी होती. सुचलीही. पण तो दगड यादोरावांच्या पोटात अजून खाली खाली जात होता.

“बस गाडीत!” ते ओरडले. “बस म्हणतो ना!”

निकेश धावत येऊन बसला. त्याला वाटलं, बाबांना अंदाज आला असेल. गाडी हलली. चाकं वळली आणि पुन्हा चढणीला लागली.

“बाबा, तोंड वरतं हाय गाडीचं.”

यादोरावांनी गिअर बदलला. मागे चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून मान टेकवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

“बाबा! जागा मांगं राह्यली!”

“पाह्यली.”

“आई मरते ना, बाबा! तुमी मारून राहिले तिले! काहून? कोनासाठी चाललं हे?”

पुढे रस्ता आणखी अरुंद झाला होता. यादोरावांना रडू आवरत नव्हतं, पण डोळे पुसायला एक हात सोडावा लागला असता. निकेश त्यांचं मनगट धरून हलवत होता. त्यांनी कोपरानं त्याला सीटवर मागे लोटलं.

“बेल्ट लाव तू,” ते म्हणाले.