वसतिगृहातली खोली

'विद्यार्थ्यांचे हित हाच आमचा श्वास,' असं विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थी सहाय्य कक्षाच्या दारावर लिहिलं होतं. दाराला दोन वर्षं कुलूप होतं.

चुडाव्याहून रेल्वेने येणाऱ्या निकिताने शेवटी प्राचार्यांकडेच वसतिगृहातली खोली मागितली.

"रोज यायचंच कशाला? इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावरसुद्धा मी न वाचता सही करतो."

"सही नको सर, खोली पायजे. अन् कोर्टात तर मी जाणारच."

ती विष्णुपंत वकिलांकडे शिकायला लागली आणि पहिली नोटीस खोलीसाठी स्वतःच्या नावाने कॉलेजलाच धाडली. प्राचार्यांनी ती कॉलेजच्या वकिलांकडे, म्हणजे विष्णुपंतांकडेच पाठवली.

"लिही उत्तर," पंत निकिताकडे बघून मिशीत हसले.

'खोली मंजूर' या उत्तरावर प्राचार्यांनी न वाचता सही केली.