चेहऱ्यावरचा गुलाब

बायकोसोबतचा फोटो फेसबुकवर टाकताना मुअय्यद तिच्या चेहऱ्यावर न चुकता एक लाल गुलाब चिकटवायचा. इराकमधल्या बसऱ्यातले अर्धे नवरे तेच करतात, त्यामुळे सुहादला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. एकदाच, ईदला ठेवणीतले झुमके घातले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "आज तरी राहू दे की माझं तोंड!"

"लोकांना तुझं तोंड बघून काय करायचंय? माझी बायको आहे एवढं कळलं की झालं."

या वेळी तो पंधरा दिवसांच्या पाळीवर तेलविहिरीला गेला होता. सुहाद द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती, तेवढ्यात मोसूलहून धाकट्या बहिणीचा, नवालचा फोन आला.

"काय गं ताई, नदीकाठी मासे खायला जाता आणि आम्हाला पत्ताही नाही! निळा पायघोळ अबाया काय खुलतोय गं तुला! आणि एवढी बारीक कधी झालीस? काय खातेस ते मलाही सांग की!"

सुहाद आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. निळा अबाया तिच्याकडे नव्हताच.

तिनं हात पुसले आणि फेसबुक उघडलं. मुअय्यद तोंडभर हसत होता. त्याला खेटून निळा अबाया उभा होता आणि चेहऱ्यावर तोच लाल गुलाब होता. खाली दोनशे जणांनी 'माशाअल्लाह' लिहिलं होतं.

सगळ्यात वर तिच्या आईनं लिहिलं होतं, "माझ्या लेकीच्या संसाराला कुणाची दृष्ट न लागो."