पुराव्याचं नरसाळं

नॉर्मच्या जुनाट पिकअपमधलं डिझेल कोणीतरी चोरत होतं. गाडीतला काटा कधीचाच बंद, त्यामुळे किती गेलं ते कळायला मार्ग नव्हता. पण रोज सकाळी टाकीपाशी लाल धुळीत बुटांचे ठसे दिसायचे आणि झाकण वेडंवाकडं लावलेलं असायचं. चोर कोण, ते नॉर्म छातीठोकपणे सांगायचा. कुंपणापलीकडचा डेस! त्याच्या कुत्र्याने नॉर्मची मेंढी फाडली, तेव्हापासून सहा वर्षं दोघांत अबोला होता. परवा तर चोर नरसाळंच विसरून गेला. नॉर्मने ते जपून ठेवलं आणि झाकणाला कुलूप ठोकलं.

दुसऱ्याच दिवशी, भर उन्हात, गावापासून चाळीस किलोमीटरवर गाडी बंद पडली. टाकी ठणठणीत कोरडी.

मेकॅनिक कोरल गाडी ओढून घेऊन आली आणि गाडीखाली शिरली. "काका, इंजिनाकडून टाकीत परत येणारी नळी चिरलीय. महिना तरी झाला असेल. गाडी चालू झाली की निम्मं डिझेल रस्त्यावर. इतके दिवस कुठे अडकला कसे नाहीत?"

"नळीचं राहू दे गं! आधी हे बघ." नॉर्मने नरसाळं तिच्यापुढे नाचवलं. "कडेला डेसचं नाव आहे. आता पोलिसातच देतो बेट्याला!"

कोरल हात पुसत उठली.

"काका, डिझेल काढायला नरसाळं कशाला लागतं?"