पहिला घाव

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जमलेल्या पाहुण्यांपुढे निशिकांत स्वतः घडवलेली कुऱ्हाड मिरवत होता. जुन्या आदिवासी धाटणीची: एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला तंबाखू ओढायची चिलीम, दांड्यावर कथलाचा रस ओतून केलेली नक्षी.

"वर्षभर दर रविवारी इथल्या आंग मो किओ भागातल्या लोहारकामाच्या वर्कशॉपमध्ये घाम गाळलाय. पुरुषाच्या मनगटात जोर हवा!"

बायकोने, सुलेखाने, पूजेचा नारळ पुढे केला. "मग हा फोड की एकदाचा."

"अगं, नक्षी उडेल ना!" म्हणत त्याने घाईघाईने कुऱ्हाड मखमलीत गुंडाळली.

सुलेखाने स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि एका दणक्यात नारळ फोडला.



प्रसाद वाटून होतोय तोच इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो झळकला. नारळाच्या दोन भकलांमध्ये लखलखती कुऱ्हाड आणि खाली निशिकांतची ओळ: "माझ्या कुऱ्हाडीचा पहिला घाव!"